पहिल्याची सुरी

माणसाने जिवंत माणसाचा हेवा करावा. त्यात काही अर्थ तरी आहे. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली की जळावं, भावाच्या पोराला चांगली नोकरी लागली की दोन दिवस नीट जेवू नये, सगळं रीतसर आहे. पण मेलेल्या माणसाशी स्पर्धा? तिथे हरणं ठरलेलंच. मेलेला म्हातारा होत नाही, घोरत नाही, ओला टॉवेल पलंगावर टाकत नाही. आणि मेल्या म्हशीला मणभर दूध, हे तर आपल्याकडे पोरंसुद्धा जाणतात.

आपल्या पारख्याला हेच दुखणं जडलं होतं.

पारखी म्हणजे जुन्या हत्यारांचा पारखी. सगळा बाजार त्याला याच नावाने ओळखायचा. मागच्या गल्लीत कुलूपवाला आणि शिंपी यांच्या मधोमध त्याचं दुकान. खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर जाड हिरवं कापड, मान वळवता येणारा दिवा, भिंगं, तेलाची कुपी. कोणी माळ्यावर सापडलेली करवत आणायचं, कोणी आजोबांचा रंधा, कोणी सुऱ्या-चाकू. पारखी वस्तू उलटसुलट करायचा, नखाने टिचकी मारायचा आणि सांगायचा की कुठली, कोणी घडवलेली, साधारण केव्हाची. एकदा म्हटलं की म्हटलं. दोन दुकानदार हमरीतुमरीवर आले की तिसरा म्हणायचा, "कशाला घसा कोरडा करताय? पारख्याकडे जा." खोटं बोलणं या माणसाला जमतच नाही, असं लोक म्हणायचे. ऐकून ऐकून त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

बाजारात असा पहिल्या नंबरचा माणूस घरी मात्र दुसरा होता. बायकोचा पहिला नवरा मालवाहू जहाजावर आचारी होता आणि परदेशातल्या एका बंदरात तापाने गेला. पुढे कितीतरी वर्षांनी पारख्याने तिच्याशी लग्न केलं आणि तिच्याच घरी राहायला आला. घर म्हणजे जिने चढून गेल्यावर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि सगळीकडे पहिला. खिडकीजवळची खुर्ची पहिल्याची. न्हाणीघरातली फळी पहिल्याने ठोकलेली, आणि तो ताडमाड, त्यामुळे दाढीचा साबण काढायला पारख्याला रोज टाचा उंच कराव्या लागायच्या. टाचा वर, पहिल्याला मनात एक कचकचीत शिवी, आणि मग दिवस सुरू.

बायको पहिल्याचं कौतुक करायची म्हणून हे दुखणं, असं कोणाला वाटेल. छे हो! ती त्याला उठताबसता शिव्या घालायची. "थापाड्या मेला! तोंड उघडलं की फेकाफेकी." नळ गळला तरी त्याचा उद्धार, कपाटाचं दार अडकलं तरी त्याचाच. आणि पारख्याला? "अहो, जेवायला या." "अहो, दिवा घालवा." बस. माणूस मरून इतकी वर्षं झाली तरी बायकोला त्याच्यावर चिडायला रोज नवा मुद्दा सापडतो, आणि आपल्यावर एकदाही ती धड चिडली नाही, हे पारख्याला झोंबायचं. चिडायला तरी माणूस मनात लागतो ना.

या सगळ्यात कळस म्हणजे ती सुरी. हातभरसुद्धा नाही, वीतभरच पातं, पिवळट लाकडाची जाड मूठ. पारख्याने लग्नानंतर एकाहून एक सरस सुऱ्या आणून स्वयंपाकघरात टांगल्या होत्या. बायको त्यांच्याकडे ढुंकून बघायची नाही. कांदा असो, गाजर असो, पुड्याची दोरी असो, हात जायचा त्या पहिल्याच्या सुरीकडे. धारसुद्धा ती पारख्याकडून लावून घ्यायची नाही, पायरीच्या दगडावर स्वतःच घासायची. पारख्याने इतक्या वर्षांत त्या सुरीला बोट लावलं नव्हतं. मानी माणूस!

सुरीची एक गोष्ट होती, आणि ती सांगायची बायकोची मुलगी. म्हणजे पहिल्याची मुलगी; पारख्याला ती काका म्हणायची. बाप गेला तेव्हा ती शाळेत होती. गोष्ट अशी, की नॉर्वेच्या किनाऱ्यावर पहिल्याचं जहाज बर्फात अडकलं. गावातले लोक मदतीला आले, त्यांना पहिला रोज कढत सूप पाजायचा. तिथल्या एका म्हाताऱ्या लोहाराने निघताना त्याला ही सुरी दिली, खास त्याच्यासाठी घडवलेली. "माझ्यासाठी घडवली, दुसऱ्या कोणाच्या हाताला बसणार नाही," असं बाबा म्हणायचा, हे मुलगी दर वेळी सांगायची आणि सांगताना तिचे डोळे चमकायचे. आई नाक मुरडायची. "बंदरावरच्या दुकानात टोपलीत ढिगाने मिळतात. खास म्हणे!"

हे इतके दिवस जेवताना चालायचं आणि ताटाबरोबर उचललं जायचं. पण मुलीला दुसऱ्या गावी नोकरी लागली, ती स्वतःचं बिऱ्हाड थाटायला निघाली आणि म्हणाली, "आई, मला भांडीकुंडी काही नको. बाबाची सुरी दे."

"ती कशाला? काकांच्या चांगल्या सुऱ्या आहेत की."

"त्या चांगल्या आहेत. ही बाबाला मिळालेली आहे."

"मिळालेली नाही, विकत घेतलेली," आई म्हणाली आणि तिचा आवाज चढला. "तुला मोठी केली आणि अजून त्या थापा घेऊन बसली आहेस. बोटीवर निघाला त्या दिवशी मी त्याला तोंडावर सांगितलं होतं, तुझ्या तोंडून आजवर एक खरा शब्द निघालेला नाही. त्यानंतर तो परत आला नाही. पण म्हणून माझं म्हणणं खोटं होत नाही."

"बाबाची एवढी एक गोष्ट खरी आहे," मुलगी म्हणाली. "एवढी एक तरी."

मग दोघींनी एकदमच पारख्याकडे बघितलं. घरात बसलेला हा माणूस हेच तर करतो दिवसभर! आई म्हणाली, "यांना बघू दे. हे सांगतील ते खरं." मुलगी म्हणाली, "कबूल. काका खोटं बोलणार नाहीत." आणि सुरी फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात आली.

दुसऱ्या दिवशी पारखी दुकानात गेला तो शीळ घालत. कुलूपवाल्याला आश्चर्य वाटलं. दुकान अर्धं उघडून त्याने दिवा ओढला आणि सुरी हिरव्या कापडावर ठेवली. आज हा पहिला टेबलावर सापडला होता!

पात्यावर कारखान्याचा छाप नव्हता. झिजलेला नाही, मुळातच नाही. पारख्याला बरं वाटलं. निनावी माल, बंदराबंदरावर असतोच. मग त्याने लिंबाचा रस लावून पातं थोडा वेळ ठेवलं, पुसलं आणि भिंग लावलं. धारेजवळचा पट्टा काळा पडला, वरचा भाग करडाच राहिला, मध्ये वेडीवाकडी रेघ. म्हणजे मध्ये कडक पोलाद आणि दोन्ही बाजूंनी मऊ लोखंड, हाताने ठोकून एकजीव केलेलं. हे काही टोपलीत ढिगाने मिळत नाही. शीळ थांबली.

मूठ बर्च झाडाच्या लाकडाची, आत पाण्यासारख्या लाटा. उत्तरेकडचे लोक हे लाकूड जपून ठेवतात. पण त्याने सुरी हातात धरली तर ती बसेना. मागच्या टोकाला, जिथे करंगळी यावी तिथे, मूठ एकदम आत घेतलेली, तासून टाकल्यासारखी. पारखी मोठ्याने हसला. "आचारी तो आचारी! बरी मूठ होती, कानस मारून वाट लावली गाढवाने." हे हसू त्याला दुपारच्या चहापर्यंत पुरलं.

चहानंतर त्याने खडूची पूड घेऊन मुठीच्या तोंडाचं पितळी कडं घासायला घेतलं. कित्येक वर्षांचा स्वयंपाकघराचा मेणचट थर निघाला, आणि त्याच्या लक्षात आलं की कडं गोल नाही. खालच्या बाजूने ते मुद्दाम चपटं वळवलेलं होतं, आणि तिथूनच मुठीचा तो उतार सुरू होत होता. त्याने सुरी उलटी केली. मागच्या टोकाची पितळी चकती तशीच, एका बाजूने आत कापलेली, आणि पात्याची मुठीत जाणारी शेपटी तिच्यातून आरपार येऊन वर ठोकून बसवलेली. ठोक जुना होता, कधी सुटलेला नव्हता. म्हणजे कानस कोणी मारलेली नाही. ही मूठ जन्मली तीच अशी. कड्याच्या खालच्या अंगाला दोन ठिपके आणि एक आडवी रेघ होती.

ती खूण त्याने ओळखली. शिकत होता तेव्हा उस्तादांच्या टेबलावर तीच खूण असलेली एक कुऱ्हाड आली होती. उस्ताद म्हणाले होते, नॉर्वेतल्या एका दरीतलं लोहाराचं घराणं आहे, दुकान नाही, बाजाराला माल नाही. ओळखीच्या माणसाला हवं असेल तरच करतात. आणि आधी त्याचा हात दोरीने मापतात, मग लाकूड कापतात.

पारख्याने सुरी पुन्हा हातात धरली, आणि या वेळी करंगळी तळहातात दुमडून घेतली. सुरी बसली. अशी बसली की त्याच्या अंगावर काटा आला.

पहिल्याच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती. जहाजाच्या शीतकोठीच्या दारात चेंगरून गेली होती. घरी भिंतीवरच्या फोटोत दिसायचं, कमरेवर ठेवलेल्या हाताची तीन बोटं आणि अंगठा.

म्हणजे गोष्ट खरी होती. शब्दन्‌शब्द खरी. पारखी खुर्चीत मागे टेकला आणि त्याला इतका राग आला की टेबलाच्या पायाला त्याने लाथ मारली. बर्फातल्या कुठल्याशा परक्या म्हाताऱ्याने या आचाऱ्याचा तुटका हात हातात घेऊन दोरीने मापला. माझा हात कोणी मापला आहे? बायकोने एक साधा हातमोजा विणताना मापला नाही. अंदाजाने विणला, अंगठा आखूड झाला! आणि आता हे मी घरी सांगायचं? माझ्याच तोंडाने?

संध्याकाळी जेवणं व्हायच्या आधी दोघी समोर बसल्या. पारख्याने सुरी टेबलावर ठेवली, घसा साफ केला आणि म्हणाला, "कारखान्याचा माल आहे. साधा. बंदरावर विकायला करतात. मूठ मागाहून कोणीतरी कानशीने तासली आहे."

इतकं सोपं असतं खोटं बोलणं, हे त्याला या वयात कळलं.

बायकोने मोठा श्वास सोडला. "सुटले बाई एकदाची," ती म्हणाली आणि खुर्चीवर मागे रेलली. "त्या दिवशी त्याला बोलले ते माझ्या जिवाला उगाच लागून राहिलं होतं." तिने पारख्याच्या खांद्यावर हात ठेवला, जाता जाता नव्हे, चांगला ठेवला. "एक तुमचंच तोंड भरवशाचं आहे. जे आहे ते सांगता."

मुलीने सुरी हातात घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि परत ठेवली. "काका म्हणताहेत म्हणजे तसंच असणार." एवढंच. भांडली असती, आदळआपट केली असती, तर बरं झालं असतं.

त्यानंतरचे दिवस म्हणजे पारख्याची दिवाळखोरीच म्हणायची, पण दिसायला चैन. बायको त्याच्या टांगलेल्या सुऱ्यांतली एक घेऊन भाजी चिरू लागली. "अहो, ती न्हाणीघरातली फळी खाली घ्या ना, तुमचा हात पोचत नाही," असं स्वतःहून म्हणाली. पहिल्याला शिव्या देणं तिने बंद केलं. जेवताना तिघं आपापल्या ताटात बघून जेवायची. पहिला घरातून गेला होता, सुंठीवाचून खोकला गेला होता, आणि पारख्याला घास गिळवत नव्हता. मुलीने बॅगेत कपड्यांमध्ये ठेवलेला बापाचा फोटो काढून परत भिंतीवर लावलेला त्याने पाहिला. त्याला विचारायचं धाडस झालं नाही.

मग एका सकाळी ती दुकानातच आली. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. तो तिने हिरव्या कापडावर रिकामा केला. एक पितळी शिट्टी, परदेशी कोटाचं बटण, करड्या रंगाचा गुळगुळीत दगड, माशाच्या हाडाची सुई.

"बाबाने आणलेलं आहे सगळं," ती म्हणाली. "प्रत्येकाची त्याने एकेक गोष्ट सांगितली होती. काका, एकदा बघून घ्या. जे खोटं आहे ते इथेच टाकून जाते. उगाच ओझं कशाला न्यायचं?"

तिचा आवाज अगदी नीट होता, गिऱ्हाइकाचा असतो तसा. पारख्याने शिट्टी उचलली, भिंग डोळ्याला लावलं आणि त्याला काहीच दिसेना, कारण डोळे भरून आले होते. शिट्टी खाली ठेवून तो म्हणाला, "डब्यात भर सगळं. घरी चल. आईसमोर सांगायचं आहे."

घरी बायको गाजरं चिरत होती. पारख्याने कोट न काढताच सांगून टाकलं. "मी खोटं बोललो. सुरी कारखान्याची नाही. नॉर्वेतल्या लोहाराने हाताने केली आहे, त्याच्यासाठीच केली आहे. गोष्ट खरी आहे."

बायकोने सुरी हलवायची थांबवली आणि मग हसली. प्रेमाने हसली, हेच वाईट. "अहो, पोरीचं तोंड बघवलं नाही ना तुम्हाला? मला कळतंय. पण तिच्यासाठी आता खोटं नका बोलू. तुम्हाला ते शोभत नाही."

"अगं, आधी खोटं बोललो होतो!"

"तुम्ही? आणि खोटं?" ती मुलीकडे वळली. "बघ, किती जीव आहे काकांचा तुझ्यावर."

मुलीने मान हलवली. "नको काका. मी मान्य केलंय आता."

घ्या! आयुष्यभर जपलेला खरेपणा असा उलटा अंगावर आला. खोटं बोलला ते दोघींनी एका घासात गिळलं, आणि खरं सांगतोय तर पालथ्या घड्यावर पाणी. पारखी घामाघूम झाला. "मला जळवत होता तो!" तो ओरडला. या घरात तो पहिल्यांदाच ओरडला. "त्याचा हेवा वाटतो मला, कळतंय? इतकी वर्षं वाटतो. म्हणून बोललो खोटं!"

दोघी बघतच राहिल्या. पारख्याने खण ओढला, कोपऱ्यात लोटलेली ती सुरी काढली आणि बायकोच्या हातातली काढून घेऊन ही दिली. "धर. नेहमीसारखी नको. करंगळी आत दुमड. पूर्ण दुमड. आता तीन बोटांनी आणि अंगठ्याने धर."

"हे काय आता नवीन," म्हणत तिने करंगळी दुमडली आणि मूठ आवळली.

तिने हात सैल केला, पुन्हा आवळला. गाजरावरून एकदा सुरी फिरवली, सरळ, सहज. इतकी वर्षं ती याच सुरीने चिरत आली होती आणि मुठीचा तो खळगा दर वेळी तिच्या करंगळीखाली पोकळ राहायचा. पारखी हळू आवाजात म्हणाला, "कानशीचं काम नाही ते. कडं आणि चकतीसुद्धा तशीच वळवलेली आहेत. त्याचा हात मापून केली आहे ती. त्याचा तसा हात."

मुलीने पुढे होऊन आईच्या मुठीवर आपला हात ठेवला, चाचपला, आणि हुंदका दिला. बायको त्या मुठीकडे बघत होती. तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "मेल्या," ती सुरीला म्हणाली, "अरे, खरं बोलत होतास की रे! मग भांडला का नाहीस माझ्याशी? असाच का गेलास जिना उतरून?"

पारखी तिथेच उभा होता. तिच्या हातात पहिल्याचा हात त्यानेच आणून दिला होता, बोटं दुमडायला शिकवून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? त्याला वाटलं, आता ती आपल्यावर चिडेल. चिडावं तिने, भांडं फेकून मारावं. त्याने मान खाली घालून वाट बघितली.

बायकोने डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "अहो," ती म्हणाली, नेहमीच्याच मऊ, अदबीच्या आवाजात, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"हो, हो," पारखी म्हणाला. तो बाहेर आला, दार त्यानेच ओढून घेतलं आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला. आत आधी नुसतं रडणं ऐकू येत होतं. मग बायको काहीतरी सांगू लागली, पहिल्याने एकदा सूप समजून कसलं तरी पाणी कप्तानाला वाढलं होतं त्याची गोष्ट, आणि मुलगी खिदळली, आणि मग बायकोही हसली, अगदी पोट धरून. तिचं असं हसणं त्याने कधी ऐकलं नव्हतं. एवढा आवाज तिच्यात आहे हेच त्याला माहीत नव्हतं. तो कान देऊन ऐकत राहिला. खालून शेजारी वर येत होता, त्याने विचारलं, "का हो, बाहेर बसलात?"

"आत पाहुणे आहेत," पारखी म्हणाला आणि त्याला जायला वाट देण्यासाठी भिंतीकडे सरकला.